अकरा हजारांची वायर घेण्याआधी

बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या कौलारू घरात काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात डावा स्पीकर दबका वाजू लागला. उजवीकडे तंबोऱ्याची जवारी स्वच्छ ऐकू येई आणि डावीकडे तोच तंबोरा घोंगडी पांघरून बसल्यासारखा वाटे. अधूनमधून खरखरही होई. सीडी प्लेअर आणि अँप्लिफायर यांना जोडणाऱ्या साध्या वायरीवर माझा संशय गेला आणि परगावी गेलो असताना एका दुकानातून मी एक मीटर लांबीची, सापाच्या कातीसारखे वेष्टण असलेली आरसीए केबल अकरा हजार रुपयांना घेऊन आलो. घरी येऊन ती जोडली तेव्हा आवाज खरोखरच उघडला. डग्गा मोकळा झाला, तंबोरा दोन्ही बाजूंना सारखा पसरला, आणि पुढचे दोन-तीन दिवस येईल त्या पाहुण्याला मी हा फरक हौसेने ऐकवत राहिलो. चौथ्या दिवशी भाचा आला. मी चहा सांगायला आत गेलो, परत येऊन बसलो, अर्धा तास ऐकले, नव्या वायरीचे पुन्हा एकदा कौतुक केले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, मघापासून जुनीच वायर लावलोय की मी."

जुनी वायर आता नव्या वायरीइतकीच चांगली वाजत होती. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. अँप्लिफायरच्या डाव्या सॉकेटवर आणि जुन्या वायरीच्या डाव्या पिनेवर हिरवट-काळसर थर चढला होता. नवी पिन घालताना, ती काढताना आणि जुनी पुन्हा बसवताना तो थर घासला गेला आणि जोड पूर्ववत झाला. आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली आणि कापसाचा बोळा यांनी जे काम शे-दोनशे रुपयांत झाले असते, त्यासाठी मी अकरा हजार मोजले होते. म्हणून पहिली सूचना अशी की, आवाज बिघडला आहे असे वाटल्यास नवे काहीही विकत घेण्याआधी सर्व यंत्रे बंद करून प्रत्येक पिन बाहेर काढावी, अल्कोहोलने पुसावी, वाळू द्यावी आणि फिरवून घट्ट बसवावी. आपल्याकडे, विशेषतः खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पावसाच्या पट्ट्यात, हे काम दरवर्षी मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा करणे चांगले.

वायरीने आवाज बदलतो का, या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असे उत्तर देऊन भागत नाही. किती बदलतो हे विचारावे लागते. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. घरात निवांत बसून ऐकताना सहज ध्यानात येणारा फरक साधारण १ डेसिबलचा असतो. दोन आवाज लगोलग ताडून पाहिले तर त्याहून लहान फरकही तयार कानाला कळतो. मात्र तो "मोठा आवाज" म्हणून कळत नाही, तर "जास्त स्पष्ट", "जास्त भरीव" असा भास होतो. दुकानातील तुलनेत महागडी वस्तू किंचित मोठ्याने वाजत असेल तर तीच सरस वाटणार, हे विक्रेत्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. त्यामुळे कुठल्याही साधनाविषयी दावा ऐकला की त्या साधनाने किती डेसिबलचा आणि कुठल्या स्वरपट्टीत फरक पडू शकेल, असे आधी विचारावे. या एका प्रश्नाने घ्यायच्या वस्तूंची निम्मी यादी गळून पडते.

स्पीकरची वायर

स्पीकरच्या वायरीचे गणित सोपे आहे आणि ते प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावे. अडीच स्क्वेअर एमएम जाडीच्या तांब्याच्या लवचिक वायरीचा रोध, म्हणजे विजेच्या वाहण्याला होणारा अडथळा, एका किलोमीटरला सुमारे ८ ओहम असतो. अँप्लिफायरपासून स्पीकर ५ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबे लागते, म्हणजे एकूण रोध ०.०८ ओहम. स्पीकर ८ ओहमचा असेल तर हा रोध त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा झाला आणि त्यामुळे होणारी आवाजाची घट ०.०९ डेसिबलच्याही आत राहिली. दीड स्क्वेअरची वायर घेतली तरी घट ०.१५ डेसिबलच्या आत असते. वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमांच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी ठेवावा हा जुना आडाखा आहे आणि घरगुती अंतरासाठी दीड किंवा अडीच स्क्वेअरची वायर तो आरामात पाळते.

फरक पडतो तो उलट्या टोकाला. स्पीकरबरोबर खोक्यात येणारी किंवा घंटेच्या जोडणीसाठी मिळणारी अर्ध्या स्क्वेअरची बारीक वायर ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्याच अंतरावर लावली तर तिचा रोध ०.४ ओहमच्या घरात, म्हणजे स्पीकरच्या एक दशांशाएवढा होतो आणि घट पाऊण डेसिबलवर जाते. शिवाय स्पीकरचे ओहम सर्व स्वरांना सारखे नसल्यामुळे ही घटही सर्व स्वरांना सारखी नसते; एखादी पट्टी जास्त दबते, एखादी कमी. अशा वेळी वायर जरूर बदलावी. त्यासाठी ध्वनिसाहित्याच्या दुकानात मात्र जाऊ नये. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात, निपाणीत वा खानापुरात कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानातून आयएसआय खुणेची दोन कोरची लवचिक वायर मीटरवर कापून घ्यावी.

घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर हल्ली "स्पीकर केबल" म्हणून, पारदर्शक वेष्टणात, दिसायला अगदी लालबुंद अशी मिळते. खोक्यावर बारीक अक्षरांत "सीसीए" लिहिलेले असते किंवा तेही नसते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, ती वाकवून-वाकवून तुटते आणि स्क्रूखाली काही महिन्यांनी सैल पडते. दुकानातच टोकाची एक तार घेऊन ब्लेडने खरवडावी. आत लाल रंग दिसला तर तांबे, पांढरा दिसला तर ॲल्युमिनियम. कल्हई केलेले तांबे वरून पांढरे आणि आतून लाल असते, ते चांगले. हातात वेटोळे घेऊन वजन पाहिले तरी समजते, कारण मुलाम्याची वायर तांब्याच्या निम्म्याहूनही हलकी भरते. दुकानदाराने ब्लेड लावू दिले नाही तर पुढच्या दुकानात जावे.

"ऑक्सिजनमुक्त तांबे" या शब्दांना किंमत लावली जाते तीही तपासून पाहावी. साध्या विद्युत तांब्याच्या आणि ऑक्सिजनमुक्त तांब्याच्या वाहकतेत जेमतेम एक-दोन टक्क्यांचा फरक असतो, आणि तो भरून काढायला दहा मीटरच्या वायरीतून वीतभर वायर कमी केली तरी पुरते. गणेशोत्सवात हजारो वॉटची साऊंड सिस्टीम उभी करणारी मुले काय वापरतात ते एकदा जवळ जाऊन पाहावे. जाड साधे तांबे, मजबूत रबरी वेष्टण, ओढली तरी न निसटणाऱ्या पिना. वायरीवरून ट्रॉली गेली तरी ती तुटू नये यासाठी त्यांचे पैसे खर्च होतात, आणि तो खर्च योग्यच आहे.

सिग्नलच्या केबली

सीडी प्लेअर, फोन किंवा टीव्हीपासून अँप्लिफायरपर्यंत जाणाऱ्या वायरीत प्रवाह नगण्य असतो, त्यामुळे तिथे तांब्याच्या जाडीचा प्रश्नच येत नाही. या वायरीला दोनच गोष्टी लागतात: बाहेरचा गोंगाट आत येऊ न देणारे जाळीचे आवरण आणि न गंजणारी, घट्ट बसणारी पिन. सोन्याचा मुलामा इथे खरोखर उपयोगी आहे, कारण सोने दमट हवेत काळवंडत नाही. पण मुलामा इतका पातळ असतो की शे-दोनशे रुपयांच्या केबलवरही तो मिळतो आणि अकरा हजारांच्या केबलवर तो त्याहून अधिक "सोनेरी" वाजत नाही.

रेकॉर्ड प्लेअर असणाऱ्यांसाठी एक अपवाद नोंदवतो. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टचा सिग्नल देतो, तर रेकॉर्डच्या साध्या, हलत्या चुंबकाच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) दोन ते पाच मिलिव्होल्ट एवढाच निघतो, म्हणजे शेकडो पटींनी कमी. एवढ्या नाजूक सिग्नलला वायरीची लांबी, आवरण आणि विजेच्या वायरींपासूनचे अंतर या सर्व गोष्टी भोवतात. तेव्हा ती वायर आखूड, चांगल्या आवरणाची असावी आणि अडॅप्टरच्या जवळून नेऊ नये. यासाठी लागणारी केबलही काही शे रुपयांतच मिळते.

भजनी मंडळाच्या माईकची वायर वीस-तीस मीटर लांब असूनही गुणगुणत नाही, कारण तिच्यात एकच सिग्नल दोन तारांतून परस्परविरुद्ध दिशेने पाठवलेला असतो आणि वाटेत शिरलेला गोंगाट दुसऱ्या टोकाला वजा होऊन जातो. ही तीन पिनांची जोडणी लांब अंतरासाठी उत्तम आहे; घरातील एका मीटरसाठी तिच्यामागे धावण्याचे कारण नाही.

एचडीएमआय, यूएसबी, ऑप्टिकल आणि नेटवर्कच्या केबलींतून आवाज जात नाही, आकडे जातात. आकडे पोहोचले तर पोहोचले, नाहीतर आवाज तुटतो, चित्रावर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. "वरचे स्वर किंचित कोरडे झाले" असा बिघाड आकड्यांच्या वायरीत होत नाही. लांब अंतरासाठी आणि फोर-के चित्रासाठी एचडीएमआय केबल प्रमाणित असावी, म्हणजे खोक्यावरील क्यूआर खूण फोनने तपासता यावी; त्यापलीकडे किमतीचा उपयोग नाही. "संगीतासाठी खास" म्हणून विकली जाणारी मेमरी कार्डे आणि इंटरनेटचे स्विच यांच्याविषयी लिहून जागा अडवत नाही.

हमिंग, वीज आणि पावसाळा

"हमिंग येतंय", म्हणजे स्पीकर सतत गुणगुणतो, ही आपल्या भागातील सर्वांत सामान्य तक्रार आहे आणि तिच्यावर उपाय म्हणून जाड पॉवर कॉर्ड आणि "पॉवर कंडिशनर" (वीज शुद्ध करण्याचा दावा करणारी पेटी) गळ्यात मारले जातात. पॉवर कॉर्डचा विचार जरा शांतपणे करावा. ट्रान्सफॉर्मरपासून खांबाखांबावरून, मीटरमधून आणि भिंतीतील वायरिंगमधून वीज आपल्या बोर्डापर्यंत येते. शेवटचा दीड मीटर मनगटाएवढा जाड केल्याने मागचा सगळा प्रवास शुद्ध होत नाही. शिवाय अँप्लिफायर आत शिरलेल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या विजेचे सर्वप्रथम एकदिश प्रवाहात रूपांतर करतो आणि कपॅसिटरमध्ये साठवून मगच वापरतो. कॉर्ड आयएसआय खुणेची, पुरेशा जाडीची आणि तीन पिनांची असली की तिचे काम झाले.

हमिंगचे मूळ बहुतेक वेळा दोन वेगवेगळ्या अर्थिंगच्या फेऱ्यात असते. आमच्याकडे केबलवाल्याची वायर खांबावरून येऊन सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत आणि टीव्हीतून आरसीएने अँप्लिफायरमध्ये गेली होती. बाहेरची वायर स्वतःची "जमीन" घेऊन आली, अँप्लिफायरला घराची अर्थिंग होती, आणि या दोहोंच्या पातळीत जो थोडा फरक होता त्यामुळे आरसीएच्या जाळीतून प्रवाह वाहू लागला. तोच स्पीकरमधून घुमत होता. शोधण्याची रीत अशी: अँप्लिफायर बंद करून सर्व स्रोतांच्या वायरी काढाव्यात आणि अँप्लिफायर सुरू करून ऐकावे. शांत असेल तर तो बंद करून एक वायर जोडावी, पुन्हा ऐकावे, मग दुसरी जोडावी. ज्या वायरीनंतर हमिंग सुरू होईल तिच्यामागच्या यंत्राला येणारी बाहेरची केबल उपसून पाहावी. आमच्याकडे केबलवाल्याची वायर उपसताच घर शांत झाले. उपाय म्हणून टीव्हीपासून अँप्लिफायरपर्यंत तीनशे रुपयांची ऑप्टिकल केबल घातली. १९८३ मध्ये तोशिबा कंपनीने आणलेली ही जोडणी प्रकाशावर चालते. तिच्यात तांब्याचा धागाच नसल्याने दोन अर्थिंग एकमेकांना भेटत नाहीत.

हमिंग घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला काही वायरमनही देतात. तो कदापि मानू नये. हमिंग जाते हे खरे, पण अँप्लिफायरच्या आत एखादी तार सुटून पत्र्याला टेकली तर संपूर्ण धातूची पेटी जिवंत होते आणि आपला हात व्हॉल्यूमवर असतो. त्यापेक्षा अर्थिंगचा खड्डा पाहावा. चैत्र-वैशाखात जांभ्याची जमीन कोरडीठाक पडते, खड्ड्याचा रोध वाढतो, आणि घागरभर पाणी ओतले की तो उतरतो.

इन्व्हर्टरवाल्यांनी आणखी एक पडताळणी करावी. वीज गेल्यावरच अँप्लिफायर करवतीसारखा गुरगुरत असेल तर दोष अँप्लिफायरचा नाही. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, म्हणजे त्याच्या विजेची लाट गोलाईची नसून चौकोनी आहे. संगीताच्या यंत्रासाठी शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्यावा. या एका ठिकाणी जास्त पैसे मोजलेले कानाला त्याच क्षणी कळतात.

वळवाच्या विजांपासून संरक्षणासाठी मात्र खर्च करावा. मुख्य बोर्डावर वायरमनकडून सर्ज प्रोटेक्शनचे (विजेचा अचानक येणारा लोंढा अडवणारे) उपकरण बसवून घ्यावे, आणि तरीही ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवावा. प्लगबरोबर केबल टीव्हीची आणि इंटरनेटची वायरही काढावी. पुष्कळांची यंत्रे विजेच्या बोर्डातून नव्हे, तर या मागच्या दारातून जळतात.

खोली

आता जिथे फरक ०.०९ डेसिबलचा नसून दहा-दहा डेसिबलचा असतो तिकडे वळतो. आपल्याकडची सामान्य खोली १० बाय १२ फुटांची, वर दहा फुटांवर स्लॅब, खाली फरशी, चारी बाजूंना गिलावा. १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज अडकून घुमतो आणि १० फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपासचा. खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही दहा फूट असतील तर ५६ हर्ट्झवर दुहेरी घुमणे होते. परिणाम असा की, डग्ग्याचा एखादा आघात खोलीभर लोळत राहतो आणि त्याच्या शेजारचा आघात ऐकूही येत नाही, आणि ऐकणारा समजतो की वायर बदलायला हवी.

बिनपैशाचा पहिला उपाय म्हणजे जागा बदलणे. आपल्याकडे स्पीकर शोकेसमध्ये, काचेच्या दारांमध्ये, गणपतीच्या फोटोशेजारी ठेवण्याची रीत आहे, आणि ती आवाजाच्या मुळावर येते. स्पीकर शोकेसबाहेर काढावेत, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणि कोपऱ्यापासून दूर ठेवावेत. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. वरचे स्वर काढणारा लहान ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा. गादीवर मांडी घालून ऐकणाऱ्याचा कान सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानापेक्षा बराच खाली असतो. दुकानातील तयार स्टँड सोफ्याच्या हिशेबाने केलेले असतात हे लक्षात ठेवावे. आमचे स्टँड मी उद्यमबागेतील एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचे, बैठकीच्या उंचीचे करून घेतले आणि पाइपमध्ये वाळलेली वाळू भरली. अँप्लिफायरच्या पायांखाली ठेवायच्या "कंपनशोषक" शंकूंची जी किंमत केबलच्या त्या दुकानात सांगितली होती, तिच्या पाव भागात दोन्ही स्टँड झाले.

दुसरा उपाय कापडाचा. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा टाळी वाजवावी. टाळीच्या मागे "टर्र" अशी शेपूट ऐकू आली तर आवाज दोन उघड्या भिंतींमध्ये चेंडूसारखा खेळत आहे. नेहमीच्या जागी बसावे, कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगावे, आणि आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे जाड पडदा, पुस्तकांचे कपाट किंवा घोंगडी यांपैकी काहीतरी आणावे. फरशीवर स्पीकर आणि आपण यांच्या मधल्या जागेत नवलगुंदचा जमखाना किंवा जाड सतरंजी अंथरावी. कापडाने वरचे आणि मधले स्वर आवरतात. खर्ज आवरायला जाडी लागते, म्हणून कोपऱ्यात कापसाच्या गाद्यांची उभी घडी ठेवावी. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्यांचा हा उपयोग घरातील मंडळींना पटवणे थोडे अवघड जाते, एवढाच याचा तोटा. या बाबतीत कौलारू घर नशीबवान असते: कौलांच्या उतारामुळे वरून येणारा आवाज सरळ खाली आपटत नाही, आणि लाकडी माळा थोडाफार खर्ज गिळतो.

जिथे पैसे सार्थकी लागतात

आवाजाचे रूप बदलणारी साधने म्हणजे विजेचे कंपनात किंवा कंपनाचे विजेत रूपांतर करणारी. म्हणून पैसा आधी स्पीकरला किंवा हेडफोनला, आणि रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी सुईला. हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास चालते. त्यानंतर ती झिजलेल्या धारेने रेकॉर्डची चर कोरू लागते. सुईच्या भाराचा छोटा डिजिटल काटा स्वस्त असतो आणि तो घ्यावाच. जुन्या नाट्यपदांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अजूनही आपल्याकडे अनेक घरांत आहेत. त्यांची चर एलपीपेक्षा कितीतरी रुंद असते, त्यामुळे त्यांना वेगळी, रुंद टोकाची सुई लागते. एलपीच्या सुईने त्या वाजवल्या की ती चरीच्या तळाशी घासत जाते आणि निव्वळ खरखर येते. आणि सुरुवातीला ज्या अल्कोहोलची शिफारस केली ते या तबकड्यांना चुकूनही लावू नये. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना पाण्याने ओलसर केलेले मऊ कापड पुरे.

कानात घालायच्या इअरफोनसाठी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे योग्य मापाच्या रबरी टिपा. कान नीट बंद झाला नाही तर खर्ज निसटून जातो, आणि लोक वायर बदलत बसतात. वेगळ्या डीएसीविषयी, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या यंत्राविषयी, विचारणा बरीच होते. फोनचा किंवा लॅपटॉपचा हेडफोन जॅक खरखरत असेल, किंवा हेडफोन २५०-३०० ओहमचा असल्यामुळे आवाज पुरत नसेल, तर साधा डीएसी-अँप्लिफायर उपयोगी पडतो. केवळ "हाय-रेझ" (सीडीपेक्षा वरच्या मापाचे ध्वनिमुद्रण) या अक्षरांसाठी तो घेऊ नये. सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हे माप १९८२ पासून बाजारात आहे आणि माणसाच्या कानाची २० किलोहर्ट्झची मर्यादा त्यात पूर्ण सामावते. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वरच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट आणि सीडीच्या मापातून गाळून असे दोन्ही प्रकारे ऐकवले होते. ५५४ वेळा विचारले असता २७६ वेळा बरोबर उत्तर आले, म्हणजे नाणे उडवून येईल तेवढेच.

घरच्या घरी परीक्षा

तरीही एखादी वस्तू खुणावत असेल तर ती परत करण्याची मुदत बिलावर लिहून घेऊनच घ्यावी आणि मुदतीच्या आत घरी परीक्षा करावी. आधी जुन्या वस्तूचे सर्व जोड स्वच्छ करावेत; माझी चूक तिथेच झाली होती. मग दोन्ही वस्तूंच्या आवाजाची पातळी सारखी करावी. त्यासाठी फोनवरून १०० हर्ट्झचा स्थिर स्वर हळू आवाजात वाजवून स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टेज मल्टिमीटरने एसीवर मोजावे आणि दोन्ही वेळचे आकडे एका टक्क्याच्या आत आणावेत. कानाने पातळी जुळवू नये, आणि साधा मल्टिमीटर वरच्या स्वरांत चुकतो म्हणून स्वर खर्जातला घ्यावा.

ऐकण्यासाठी ओळखीची, वीस-पंचवीस सेकंदांची जागा निवडावी. मी कुमार गंधर्वांच्या एका मुद्रणातील आलापाची सुरुवात घेतो. ते आमच्याच जिल्ह्यातील सुळेभावीचे, हा अभिमानाचा भाग वेगळा. खरे कारण असे की, तंबोरा आणि अचानक उसळणारा आवाज या दोहोंत यंत्राचे दोष लपत नाहीत. मदतनिसाने आपल्याला दिसणार नाही अशा जागी, पडद्यामागे बसावे, दर खेपेला नाणे उडवून वस्तू लावावी आणि कागदावर नोंद करावी. नाण्याने तीच वस्तू पुन्हा सांगितली तरी वायर काढून घातल्याचा आवाज तेवढाच व्हावा, आणि मदतनिसाने तोंडातून अक्षर काढू नये. आपण आपल्या कागदावर उत्तर लिहावे. अशा सोळा खेपा कराव्यात. कान थकतात, म्हणून आठांनंतर चहा घ्यावा. सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर फरक खरा मानायला हरकत नाही, कारण नुसत्या अंदाजाने तेवढी उत्तरे जुळण्याची शक्यता शंभरात चारांहून कमी असते. आठ-नऊ आली तर वस्तू परत करावी. भाच्याला पडद्यामागे बसवून मी अकरा हजारांच्या केबलची परीक्षा केली तेव्हा माझी नऊ आली. तोवर परतीची मुदत टळून गेली होती आणि खोकेही रद्दीत गेले होते. तेव्हा मुदत संपेपर्यंत खोके, आतील फोम आणि वायर बांधलेल्या पट्ट्या जपून ठेवाव्यात, आणि सील हाताने न फाडता ब्लेडने सरळ कापावे.